ऑपरेशनचा मुहूर्त

आत्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन २६ मार्च २०२० ला ठरलं होतं. तारीख तिनंच काढली होती. आदल्या दिवशी गुढीपाडवा, साडेतीन मुहूर्तांपैकी एक. सकाळी गुढी उभारायची, दुपारी सगळ्यांना श्रीखंड-पुरी वाढायची आणि संध्याकाळी पिशवी घेऊन दवाखान्यात दाखल व्हायचं, असा तिचा बेत. नातवाची दहावी तोवर आटोपणार होती, सून महिनाभर रजा टाकणार होती, फिटनेस मिळाला होता, रक्ताची बाटलीसुद्धा सांगून ठेवली होती.

तो पाडवा देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला. त्याच्या चार दिवस आधीच दवाखान्यातून फोन आला होता, "काकू, सध्या प्लॅन्ड ऑपरेशन्स होल्डवर ठेवलीत. पुढची तारीख आम्हीच कळवू." आत्यानं फोन ठेवला आणि मला विचारलं, "म्हणजे माझं ऑपरेशन गरजेचं नव्हतंच की काय? मग दोन वर्षं सगळे माझ्यामागे का लागले होते?"

त्या आठवड्यात हा प्रश्न अनेक देशांतल्या अनेक घरांत विचारला गेला असणार. १७ मार्चला इंग्लंडच्या एनएचएसनं आपल्या रुग्णालयांना पत्र पाठवलं: तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया उशिरात उशिरा १५ एप्रिलपासून किमान तीन महिने पुढे ढकला. २० मार्चला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानंही तशीच सूचना काढली. २००३ मध्ये सार्सच्या साथीत टोरंटो आणि आसपासच्या रुग्णालयांनी हा अनुभव घेतला होता, पण तो एका टापूपुरता होता. या वेळी मात्र देशोदेशींच्या ऑपरेशन थिएटरांच्या याद्या काही आठवड्यांच्या आत पुसल्या गेल्या.

पुसलेली यादी पुन्हा लिहायची कशी? कोणाचं नाव वर घ्यायचं, कोणाचं खाली? तापातून उठलेल्या शरीराला भूल कधी द्यायची? आत्याच्या प्रश्नाचं उत्तर या सगळ्यातून जातं.

ठरवून, पण हौसेनं नव्हे

अशा शस्त्रक्रियांना डॉक्टर 'इलेक्टिव्ह' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कॉलेजात इलेक्टिव्ह विषय म्हणजे ऐच्छिक विषय. घेतला तर घेतला. वैद्यकात मात्र त्या शब्दाचा अर्थ एवढाच की तारीख निवडायला वाव आहे. अपघातात फुटलेली प्लीहा तारीख विचारत नाही. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, गर्भपिशवी काढणं, गुडघे बदलणं, इतकंच काय स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढणं, हे सगळं ठरवून करता येतं. मराठीतला 'नियोजित शस्त्रक्रिया' हा शब्द त्या मानानं जास्त सरळ आहे.

पण तारीख निवडायला वाव किती, ते प्रत्येक आजारात वेगळं. मोतीबिंदू सहा महिने थांबला तर माणूस चाचपडेल, एखाद्या वेळी पडेलही, पण डोळा बहुधा पुन्हा दिसता होईल. हर्निया वर्षभर निमूट राहील आणि एका रात्री त्यात आतडं अडकून पीळ पडला की सकाळपर्यंत थांबणं जिवावर बेतेल. कर्करोगाची गाठ तर आतल्या आत आपला हिशेब चालूच ठेवते.

म्हणून २०२० च्या वसंतात शल्यविशारदांनी पहिलं काम केलं ते वर्गवारीचं. ब्रिटनमध्ये पी-१ ते पी-४ अशा पायऱ्या ठरल्या. पी-१ म्हणजे २४ किंवा फार तर ७२ तासांत, पी-२ महिन्याभरात, पी-३ तीन महिन्यांत आणि पी-४ म्हणजे तीन महिन्यांपलीकडे थांबू शकणाऱ्या. शिकागो विद्यापीठातल्या शल्यविशारदांनी आणखी बारकाईनं गुण द्यायची पद्धत काढली. तिचं नाव मेंट्स. त्यात २१ प्रश्न आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. सात प्रश्न शस्त्रक्रियेविषयी: वेळ किती लागेल, रक्त किती जाईल, नंतर आयसीयू लागेल का? सहा प्रश्न आजाराविषयी: थांबल्यानं काय बिघडेल, औषधावर निभावेल का? आणि आठ प्रश्न रुग्णाविषयी: वय, फुप्फुसं, हृदय, मधुमेह. एकूण गुण २१ ते १०५ च्या दरम्यान येणार. जितके जास्त, तितकं थांबणं शहाणपणाचं.

या पद्धतीत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एरवी डॉक्टर विचारतो, 'या रुग्णाला ऑपरेशनचा फायदा आहे का?' साथीत तेवढ्यानं भागत नाही. 'आज केलं तर काय होईल, तीन महिन्यांनी केलं तर काय होईल आणि या खाटेवर, या भूलतज्ज्ञावर आज आणखी कोणाचा हक्क आहे?' असे तीन प्रश्न एकदम विचारावे लागतात. आत्याचा गुडघा पी-४ मध्ये बसला. ऑपरेशन गरजेचं होतं. फक्त ते त्या दिवशी व्हायलाच हवं असं नव्हतं.

थांबवायचं कारण काय होतं?

पहिला इशारा वुहानमधून आला. जानेवारी २०२० मध्ये आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथल्या चार रुग्णालयांत ३४ जणांच्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. टेबलावर घेतलं तेव्हा कोणालाही लक्षणं नव्हती. पण विषाणू आधीच शरीरात शिरला होता. ऑपरेशननंतर एकेकाला ताप आला, धाप लागली. ३४ पैकी १५ जणांना आयसीयूत हलवावं लागलं आणि ७ जण गेले.

पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठातून चालवलेल्या कोविडसर्ज या प्रकल्पानं २४ देशांतल्या २३५ रुग्णालयांची माहिती एकत्र केली. शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधीपासून महिनाभर नंतरपर्यंत ज्यांना कोविड झाला, असे ११२८ रुग्ण त्यात होते. त्यातल्या निम्म्याहून किंचित जास्त लोकांना फुप्फुसांची गुंतागुंत झाली आणि ३० दिवसांत २३.८ टक्के दगावले. यातल्या सुमारे तीन चतुर्थांश शस्त्रक्रिया तातडीच्या होत्या, म्हणजे रुग्ण मुळातच नाजूक होते. तरीही हा आकडा कोणाच्याही पोटात गोळा आणणारा होता.

असं का व्हावं? शस्त्रक्रिया म्हणजे डॉक्टरनं मोजूनमापून केलेली जखमच. शरीराला मात्र सुरी सर्जनची की चोराची, हे कळत नाही. ते आपली सगळी फौज जखमेकडे धाडतं. दाह वाढतो, रक्ताची गोठण्याची वृत्ती वाढते आणि पुढचे काही दिवस प्रतिकारशक्तीची एक बाजू लंगडी पडते. त्यात पूर्ण भूल दिली असेल तर श्वासनलिकेत नळी असते, फुप्फुसांचे खालचे कोपरे मिटतात, दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही आणि खोकून कफ काढत नाही. कोविडचा विषाणूही हेच करत होता: फुप्फुसांत दाह आणि रक्तवाहिन्यांत गुठळ्या. दोघांनी एकाच वेळी एकाच ठिकाणी घाव घातला तर टिकाव लागणं अवघड. शक्य असेल तिथे कमरेत भूल देऊन नळी टाळण्याकडे भूलतज्ज्ञांचा कल वाढला तो याचमुळे.

थिएटरातली हवा

दुसरं कारण रुग्णालयाच्या बाजूचं. ते समजून घ्यायला ऑपरेशन थिएटरच्या दारात क्षणभर उभं राहायला हवं. चांगल्या थिएटरात हवेचा दाब बाहेरच्या बोळापेक्षा किंचित जास्त ठेवतात. दार उघडलं की आतली स्वच्छ हवा बाहेर जाते, बाहेरची धूळ आत येत नाही. जखमेच्या दृष्टीनं हे उत्तम. पण टेबलावरचा रुग्णच विषाणू सोडत असेल, तर तीच हवा तो विषाणू बोळात ढकलणार. साथीच्या रुग्णाला नेमकी उलटी रचना लागते: आतला दाब कमी, म्हणजे हवा बाहेर पडायलाच नको. म्हणून मोठ्या रुग्णालयांनी एखादं थिएटर कोविडसाठी वेगळं काढून त्याची हवेची व्यवस्था बदलून घेतली. तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होमचं दुखणं निराळं. तिथे भिंतीवर स्प्लिट एसी. तो खोलीतली तीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो, बदलत काहीच नाही.

त्यात वेळेचं गणित. श्वासनलिकेत नळी घालताना आणि काढताना सूक्ष्म थेंब उडण्याची भीती असते. हवा तासाला १५ वेळा बदलणाऱ्या खोलीत ९९ टक्के कण निघून जायला साधारण १८ मिनिटं लागतात. तेवढा वेळ सगळ्यांनी बाहेर थांबायचं. नळी घालताना एकदा, काढताना एकदा. त्यात पीपीई किट चढवणं-उतरवणं आणि मधली साफसफाई. सकाळच्या यादीत जिथे सहा नावं बसायची तिथे तीन-चारच बसू लागली. डॉक्टर तेच, टेबल तेच, पण दिवस आखूड झाला.

शिवाय थिएटर आणि आयसीयू एकाच विहिरीचं पाणी पितात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना झोपवून ठेवायला लागणारी प्रोपोफोल, अट्राक्युरियम यांसारखी औषधं भूल द्यायलाही लागतात. अनेक देशांत त्यांची चणचण झाली. ऑक्सिजनची नळी तीच. २०२१ च्या एप्रिलमध्ये टँकर कधी येतो याकडे डोळे लागलेले असताना गुडघ्यासाठी ऑक्सिजन कोण खर्च करणार? रक्तपेढ्या शिबिरांवर चालतात, आणि कॉलेजं, कंपन्या, मंडळं बंद म्हणजे शिबिरं बंद. मे २०२० मध्ये तर महाराष्ट्र सरकारनं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या. त्यामुळे 'सरकारीत नाही तर खासगीत करू' ही नेहमीची वाटही अरुंद झाली.

थांबण्याचंही बिल येतं

थांबणं सुरक्षित वाटतं, कारण त्याचा तोटा त्या दिवशी दिसत नाही. कोविडसर्जच्या अंदाजाप्रमाणे पहिल्या लाटेच्या कडक १२ आठवड्यांत जगभरात २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द झाल्या किंवा पुढे गेल्या. त्याच अभ्यासातला पुढचा हिशेब जास्त बोलका आहे. साथ ओसरल्यावर प्रत्येक देशानं नेहमीपेक्षा २० टक्के जास्त शस्त्रक्रिया केल्या, तरी साठलेली यादी संपायला सुमारे ४५ आठवडे लागतील. म्हणजे तीन महिन्यांची तुंबलेली वाट मोकळी करायला जवळजवळ वर्ष. इंग्लंडमध्ये साथीआधी प्रतीक्षायादीवर सुमारे ४६ लाख नोंदी होत्या. २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत त्या ७७ लाखांवर गेल्या. आपल्याकडे अशी देशव्यापी यादी ठेवलीच जात नाही. आपली प्रतीक्षायादी घराघरांतल्या पलंगावर असते.

कर्करोगात हे बिल सगळ्यात मोठं. 'बीएमजे' या नियतकालिकात नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एका विश्लेषणानं सात प्रकारच्या कर्करोगांचे आधीचे अभ्यास एकत्र करून दाखवलं की शस्त्रक्रियेला होणारा दर चार आठवड्यांचा उशीर मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढवतो. भारतात नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या ४१ केंद्रांच्या पाहणीत मार्च ते मे २०२० या काळात, आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत, नवीन रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी आणि मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या होत्या. यात पहिला आकडा जास्त काळजीचा. ज्याचं ऑपरेशन लांबलं तो निदान यादीत तरी आहे. जो गाठ हाताला लागूनही एसटी बंद म्हणून मुंबईला पोहोचलाच नाही, त्याचं नाव कोणत्याच यादीत नाही.

याच काळात परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानं दुसरी वाट धरली. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२०, म्हणजे टाळेबंदीच्या ऐन कडक दिवसांत, तिथे ४९४ नियोजित कर्करोग शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या ४२३ गुंतागुंतीच्या, मोठ्या होत्या. डॉ. शैलेश श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी 'अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी'त त्याचा लेखाजोखा मांडला. शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू नाही, गंभीर गुंतागुंत ५.६ टक्के आणि नंतर कोविड निघाला तो सहा जणांना. चाचण्यांची तेव्हा इतकी टंचाई होती की बहुतेकांची आधी तपासणीही झालेली नव्हती. पण हा आकडा वाचताना एक गोष्ट नजरेआड करायची नाही: या रुग्णांचं मधलं वय ४८ होतं आणि दोन तृतीयांशांहून अधिक जण कर्करोग सोडला तर धडधाकट होते. धाडस होतं, पण ते निवडून केलेलं होतं.

टाटाच्या अनुभवाला जगभरच्या माहितीनंही दुजोरा दिला. ५५ देशांतल्या ९१७१ कर्करोगग्रस्तांची दोन गटांत तुलना झाली. एका गटाचं थिएटर, आयसीयू आणि वॉर्ड कोविड रुग्णांपासून पूर्ण वेगळे होते, दुसऱ्याचे मिसळलेले. फुप्फुसांची गुंतागुंत पहिल्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ४.९ टक्के. सोवळ्या-ओवळ्याची ही नवी, शास्त्रीय आवृत्ती म्हणायची: वेगळं दार, वेगळी लिफ्ट, वेगळ्या सिस्टर, वेगळे मामा. सगळं बंद करणं आणि सगळं चालू ठेवणं, यांच्या मधली ही वाट होती. ती सापडेपर्यंत काही महिने गेले, हे खरं.

कोविड झाला, आता किती थांबू?

आत्याला कोविड झाला एप्रिल २०२१ मध्ये. लशीचा पहिला डोस घेऊन तीन आठवडेही झाले नव्हते. छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी ११ आला, सहा दिवस ऑक्सिजन लागला, स्टिरॉइड्स दिली, साखर तीनशेवर गेली. बरी होऊन घरी आली आणि मे महिन्यात तिनं गुडघ्याचा विषय पुन्हा काढला. "आता एकदा होऊन गेलाय ना? मग आता कसली भीती? रिपोर्ट निगेटिव्ह आलाय."

तोपर्यंत या प्रश्नाचं बऱ्यापैकी नेमकं उत्तर हाती आलं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतल्या १६७४ रुग्णालयांनी मिळून १ लाख ४० हजार २३१ रुग्णांची नोंद ठेवली होती. या कामात इतके हात लागले की त्यातून १५,०२५ जणांच्या नावानं निघालेल्या एका शोधनिबंधाची गिनेस बुकात नोंद झाली. निष्कर्ष मार्च २०२१ मध्ये आले. कधीच कोविड न झालेल्यांत शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांतला मृत्युदर १.५ टक्के होता. कोविडच्या निदानानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली असेल तर ४.१, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३.९, पाचव्या-सहाव्यात ३.६. आणि सातव्या आठवड्यापासून पुन्हा १.५.

म्हणजे सहा आठवडे धोका रेंगाळत होता आणि मग पायरी उतरल्यासारखा खाली येत होता. चाचणी निगेटिव्ह येणं आणि शरीर सावरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून लख्ख दिसलं. उलटही खरं: बऱ्या झालेल्या माणसाच्या नाकात विषाणूचे मेलेले तुकडे आठवडेच्या आठवडे सापडतात, म्हणून नव्वद दिवसांच्या आत पुन्हा आरटीपीसीआर करून घाबरण्यात फारसा अर्थ नसतो.

या सात आठवड्यांना एक तळटीप होती आणि आत्यासाठी तीच महत्त्वाची ठरली. सात आठवडे उलटूनही ज्यांना लक्षणं होती, धाप लागत होती, खोकला होता, त्यांच्यातला मृत्युदर ६ टक्के होता. कॅलेंडरवरचे आठवडे मोजून भागत नाही, शरीरालाही विचारावं लागतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी डिसेंबर २०२० मध्येच असा चढता हिशेब सुचवला होता: लक्षणं नसतील तर ४ आठवडे, घरीच बरे झाले तर ६, मधुमेह असेल किंवा दाखल व्हावं लागलं असेल तर ८ ते १०, आयसीयू पाहिला असेल तर १२.

भूलतज्ज्ञ बाईंनी आत्याला खोलीच्या बाहेरच्या बोळात सहा मिनिटं चालायला लावलं, बोटाला ऑक्सिमीटर लावून. गुडघा दुखत होता म्हणून ती हळूच चालली, तरी आकडा ९६ वरून ९१ वर आला. "काकू, गुडघा तयार आहे, फुप्फुसं नाहीत," बाई म्हणाल्या. "घाई कशाची? गुडघा कुठे पळून जात नाही."

हे सात आठवडे म्हणजे कायमचा नियम नव्हे. ते आकडे लस येण्यापूर्वीच्या काळातले, जुन्या विषाणूचे होते. ओमायक्रॉन आला, बहुतेकांना लस मिळाली किंवा संसर्ग होऊन गेला, तसा हा काळ सैल होत गेला. २०२३ पर्यंत ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सूचना बदलल्या: संसर्गानंतर पहिले दोन आठवडे टाळता येण्यासारखी शस्त्रक्रिया टाळा, त्यानंतर तरुण, निरोगी, लहान शस्त्रक्रियेच्या रुग्णाला अडवून ठेवायचं कारण नाही, वय, इतर आजार, मोठी शस्त्रक्रिया किंवा रेंगाळलेली लक्षणं असतील तर सात आठवड्यांपर्यंत थांबण्याचा विचार रुग्णाशी बोलून करा. पुढच्या साथीचा विषाणू वेगळा असेल, त्याचा आकडाही वेगळा असेल. तो आकडा शोधायचा कसा, हे मात्र आता माहीत आहे.

रांगेत उभं राहून काय करायचं?

प्रतीक्षा म्हणजे नुसतं बसून राहणं, असं आपण धरून चालतो. दोन वर्षं थांबलेल्या गुडघ्याचं नुकसान नुसत्या दुखण्यापुरतं नसतं. चालणं कमी होतं, मांडीचे स्नायू वाळतात, वजन वाढतं, वेदनाशामक गोळ्या रोजच्या होऊन मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे रुग्ण ऑपरेशनच्या दिवशी येतो तो आधीपेक्षा कच्चा होऊन. उलट हाच काळ हातात घेतला तर तो पक्का होऊन येऊ शकतो.

आत्याला एक कागद मिळाला. पहिली ओळ साखरेची: तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी तिचं ९.२ होतं. साखर जास्त असली की जखम चिघळते आणि कृत्रिम सांध्यात जंतू शिरला तर सगळं मुसळ केरात. दुसरी ओळ रक्ताची: हिमोग्लोबिन १० च्या खाली. ते आधीच वाढवलं तर रक्ताची बाटली लागायची शक्यता घटते, आणि रक्तपेढ्या रित्या असताना ही बचत लाखमोलाची. तिसरी ओळ फुप्फुसांची: प्लॅस्टिकचं, तीन चेंडूंचं स्पायरोमीटर. श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर धरून ठेवायचे. चौथी मांडीच्या व्यायामांची: पलंगावर बसून पाय सरळ उचलायचा, दहापर्यंत मोजायचं. पाचवी ओळ मिश्री बंद. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला किमान चार आठवडे आधी सोडायला सांगतात. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं आणि जखमेला रक्त कमी पोहोचतं, मग ते धुरातून येवो की दातांना लावलेल्या मिश्रीतून. आत्या तीस वर्षं मिश्री लावत होती. ही ओळ तिला सगळ्यात जड गेली.

लशीचंही वेळापत्रक जुळवावं लागलं. कोविडमधून बरं झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्यायची, अशी तेव्हा आपल्याकडची सूचना होती. आणि लस व ऑपरेशन यांत निदान आठवड्याचं अंतर हवं. नाहीतर नंतर ताप आला तर तो लशीचा की जखमेचा, हे कोडं पडतं. आत्यानं दुसरा डोस ऑगस्टच्या मध्यावर घेतला.

भूलतज्ज्ञाला सांगायच्या गोष्टीही याच कागदाच्या मागे लिहिल्या होत्या. कोविड कधी झाला, दाखल व्हावं लागलं का, ऑक्सिजन किती दिवस. स्टिरॉइड्स घेतली होती का आणि किती दिवस. कारण ती बरेच दिवस घेतली असतील तर शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवण्याची सवय मंदावते आणि ऑपरेशनच्या ताणाला ते कमी पडू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. जिना चढताना दम लागतो का, छातीत धडधडतं का. बरेच जण हे लपवतात, तारीख पुढे जाईल या भीतीनं. पण भुलेच्या टेबलावर लपवलेलं काहीच लपत नाही.

आणि साथ काही रुग्ण स्वतःच यादीत घालून जाते. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोविडमध्ये स्टिरॉइड्स घेतल्यानंतर त्यांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू लागलं होतं. अशी सुरुवात लवकर सापडली तर औषधांवर आवरता येते, उशीर झाला तर खुबा बदलावा लागतो. म्हणून कोविडनंतर मांडीच्या सांध्यात किंवा जांघेत दुखू लागलं तर 'अशक्तपणा असेल' म्हणून सोडून देऊ नये.

पितृपक्षातली तारीख

सप्टेंबर २०२१. दुसरी लाट ओसरलेली, तिसरीची चर्चा रोज टीव्हीवर. वॉर्ड वेगळे झाले होते, ऑपरेशनच्या आधी स्वॅब घ्यायची पद्धत बसली होती. आत्याचं एचबीएवनसी ७.१ वर आलं, हिमोग्लोबिन ११.८. बोळातल्या सहा मिनिटांत आकडा ९५ च्या खाली उतरला नाही. डॉक्टरांनी दोन तारखा दिल्या. एक दसऱ्यानंतरची, पण तेव्हा यादी गच्च आणि तिसरी लाट आलीच तर पुन्हा होल्ड. दुसरी २७ सप्टेंबर, सोमवार.

"पण तो तर पितृपक्ष," नणंदेनं फोनवर सांगितलं.

"म्हणूनच रिकामी आहे," आत्या म्हणाली.

कमरेत भूल दिली, दीड तासात झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं चालली. आता ती भाजी आणायला मंडईपर्यंत जाते आणि पायऱ्या उतरताना सवयीनं कठडा धरते.

तिच्या स्वयंपाकघरातलं २०२१ चं कालनिर्णय अजून खिळ्यालाच आहे, नव्या वर्षांची त्याच्यावर टांगलेली. परवा मी ती वर सारून सप्टेंबरचं पान पाहिलं. २७ तारखेच्या चौकटीत तिथी, नक्षत्र छापलेलं. त्यावर पेन्सिलीनं, तिच्या तिरक्या अक्षरात: साखर ७.१. रक्त ११.८. चेंडू तिन्ही, दहा वेळा. मिश्री, ८८ दिवस.